समुद्रातील हाक आणि किनाऱ्यावरील कान

नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून आमचे कोळी बांधव दरवर्षी आपल्या नौका पुन्हा समुद्रात लोटतात. जून-जुलैची पावसाळी मासेमारीबंदी संपलेली असते, जाळी दुरुस्त झालेली असतात, इंजिनांना तेलपाणी झालेले असते, आणि ससून डॉकपासून मालवणपर्यंतच्या बंदरांत एकच लगबग उडते. दर्याने शांत व्हावे, एवढेच मागणे त्या नारळामागे असते. ते मागणे हजारो वर्षांचे आहे आणि ते यथार्थही आहे. परंतु दर्या प्रत्येक वेळी ऐकतोच असे नाही. तो जेव्हा ऐकत नाही, तेव्हा किनाऱ्यावर ऐकणारे दुसरे कोणी असते काय, हा प्रश्न आज आम्हांस आमच्या वाचकांपुढे मांडावयाचा आहे. संकटात सापडलेल्या नावेला आपला आवाज दूरवर पोहोचविता यावा म्हणून माणसाने गेल्या सव्वाशे वर्षांत जी साधने निर्माण केली, त्यांचा लाभ ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत कितपत पोहोचला, हाच ह्या प्रश्नाचा गाभा होय.

मुंबईतील सुशिक्षित मध्यमवर्गास समुद्र परिचयाचा आहे तो चौपाटीवरून दिसणारा. परंतु ह्या वर्गातील पुष्कळ घराण्यांचे मूळ कोकणात आहे, आणि त्यांच्या आजोबा-पणजोबांनी मुंबई गाठली ती आगबोटीने. त्या पिढीच्या मनात ‘रामदास’ हे नाव कसे कोरले गेले होते, हे ज्यांनी घरातील वृद्धांच्या तोंडून ऐकले असेल, त्यांना निराळे सांगावयास नको. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही आगबोट तासाभराच्या आतच वादळी लाटांत कलंडून बुडाली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. आषाढी अमावास्येच्या सणासाठी घरी निघालेल्या माणसांनी बोट भरली होती. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी मृत्युमुखी पडली. हे सारे घडले ते मुंबईपासून अवघ्या काही मैलांवर. पण त्या बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे सकाळी घडलेल्या ह्या अनर्थाची वार्ता शहरास कळली ती दुपारी, कोणी एक मुलगा लाटांबरोबर वाहत किनाऱ्यास लागला तेव्हा. मध्यंतरीच्या त्या तासांत ज्यांचे प्राण वाचले, ते प्रामुख्याने मासळी घेऊन त्या बाजूने मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांनी वाचविले. ही शेवटची गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. तिच्याकडे आम्हांस पुन्हा वळावयाचे आहे.

‘रामदास’ मुकी होती म्हणून बुडणाऱ्यांची हाक कोणाच्या कानी गेली नाही, असे म्हणून आपण स्वतःचे समाधान करून घेऊ शकतो. नावेला वाचा दिली की प्रश्न सुटला, असा ह्यावरून कोणी निष्कर्षही काढील. परंतु बिनतारीचा इतिहास निराळेच सांगतो. १९०९ च्या जानेवारीत ‘रिपब्लिक’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ दाट धुक्यात दुसऱ्या जहाजाशी आदळले. जहाजावरील बिनतारी चालकाने थंडीत कुडकुडत तासन् तास संदेश पाठविले, ते ऐकले गेले आणि सुमारे पंधराशे माणसांचे प्राण वाचले. बिनतारीचा तो पहिला मोठा विजय मानला गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १४ एप्रिल १९१२ च्या मध्यरात्रीच्या सुमारास, ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळले. त्या जहाजावरील संदेशयंत्र त्या काळातील सर्वोत्तम यंत्रांपैकी होते आणि त्याच्या चालकांनीही शेवटपर्यंत कसूर केली नाही. तरीही सुमारे पंधराशे माणसे बुडाली. ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज तेथून फारसे दूर नव्हते. परंतु त्यावरील एकमेव बिनतारी चालक दिवसभराचे काम आटोपून त्या धडकेपूर्वी थोडाच वेळ निजावयास गेला होता. अठ्ठावन्न सागरी मैलांवरील ‘कार्पेथिया’चा चालकही निजण्याच्याच तयारीत होता, पण त्याचे श्रवणयंत्र अद्याप कानावर होते. त्या एका उघड्या कानामुळे सुमारे सातशे माणसे जिवंत राहिली.

ह्या दोन कानांमधील फरक जगाच्या ध्यानी आला. १९१४ साली लंडन येथे समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेविषयी जो पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात यंत्राइतकेच अखंड श्रवणास महत्त्व देण्यात आले. पुढे तर एक विलक्षण प्रथा रूढ झाली. जहाजावरील बिनतारीच्या खोलीत जे घड्याळ असे, त्याच्या तबकडीवर तीन-तीन मिनिटांचे लाल व हिरवे पट्टे रंगविलेले असत. दर तासाला पंधराव्या व पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन मिनिटे ५०० किलोहर्ट्झ ह्या संकटलहरीवर कोणीही आपला संदेश पाठवावयाचा नाही. त्याचप्रमाणे तासाच्या आरंभी व अर्ध्या तासाला तीन मिनिटे २१८२ किलोहर्ट्झ ह्या बोलण्याच्या लहरीवर सर्वांनी मुके राहावयाचे, असा तो नियम होता. भावांच्या चौकशा, मालाच्या वार्ता, कप्तानांचे निरोप, सारे थांबे, आणि पृथ्वीच्या पाठीवरील जहाजे कोणाची क्षीण हाक येते काय, म्हणून कान देऊन बसत. युद्धे झाली, साम्राज्ये गेली, नवी राष्ट्रे जन्मास आली. पण हा नियम टिकला. माणसाने माणसाशी केलेल्या करारांत इतका साधा आणि इतका उदात्त करार आम्हांस तरी दुसरा आठवत नाही.

कालांतराने यंत्रे बदलली. १ फेब्रुवारी १९९९ पासून सागरी संकट व सुरक्षितता ह्यांची नवी जागतिक यंत्रणा पूर्णपणे अंमलात आली आणि ठिपक्या-रेघांची मोर्स भाषा व्यापारी जहाजांवरून निवृत्त झाली. आता जहाजावर एक लाल कळ असते. ती दाबली की जहाजाचा नऊ अंकी क्रमांक, त्याचे स्थान आणि संकटाची हाक आपोआप प्रसृत होते. किनाऱ्याजवळ अतिउच्च कंप्रतेची लहर वापरतात. ती सरळ रेषेत जाते, म्हणून तिचा पल्ला वीस-तीस सागरी मैलांचा, आणि लहान नावेच्या ठेंगण्या काठीवरून त्याहूनही कमी. त्यापुढे शे-दीडशे मैलांपर्यंत मध्यम लहरी. त्याहूनही दूर जावयाचे तर उच्च कंप्रतेच्या लघुलहरी, ज्या वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावर आपटून परततात आणि हजारो मैल ओलांडतात. दिवसा वरची लहर चालते, रात्री खालची. कोणत्या वेळी कोणती निवडावी, ह्याचे ज्ञान चालकास असावे लागते. ह्यांखेरीज उपग्रहाची वाट आहे, आणि जहाज बुडताच पाण्यावर तरंगून ४०६ मेगाहर्ट्झवर आक्रोश करणारी संकटज्योतही आहे. शिवाय किनाऱ्यास हाक पोहोचविण्याची निदान दोन स्वतंत्र साधने प्रत्येक जहाजाजवळ असलीच पाहिजेत, हे ह्या व्यवस्थेचे मूलसूत्र आहे. एक फसले तर दुसरे उभे राहावे, असा त्यामागील व्यवहारी विचार आहे.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, ही सारी व्यवस्था आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघालेल्या प्रवासी जहाजांसाठी आणि तीनशे टनांहून मोठ्या मालवाहू जहाजांसाठी सक्तीची आहे. ज्या करारान्वये ती अस्तित्वात आली, त्या करारातून मासेमारी नौका वगळलेल्या आहेत. आणि वगळलेल्यांच्या त्याच यादीत आदिम बांधणीच्या लाकडी जहाजांचाही उल्लेख आहे! म्हणजे ज्याच्यापाशी पोलादी तळ, प्रबळ इंजिने, विम्याचे कवच आणि प्रशिक्षित अधिकारी आहेत, त्याला दोन-दोन, तीन-तीन साधनांची हमी. आणि जो लाकडी नावेत आठ-दहा सोबत्यांसह दिवसचे दिवस खोल समुद्रात काढतो, त्याची काळजी ज्याच्या त्याच्या सरकारवर आणि नशिबावर. आंतरराष्ट्रीय कायद्याला मर्यादा असतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु कायद्याची मर्यादा ही कर्तव्याची मर्यादा ठरता कामा नये.

ह्या वगळण्याची किंमत काय असते, ते २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ‘ओखी’ चक्रीवादळाने दाखवून दिले. कन्याकुमारी आणि केरळ ह्या भागांतील मच्छीमार खोल समुद्रातील मासेमारीत निष्णात आहेत. किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर ते आठवडेच्या आठवडे राहतात. वादळाचा स्पष्ट इशारा निघाला तेव्हा त्यांतील कित्येक नौका केव्हाच निघून गेल्या होत्या. किनाऱ्यावर इशारा आहे, समुद्रात माणसे आहेत, आणि दोहोंमध्ये पोहोचणारा आवाज मात्र नाही, अशी ती स्थिती होती. मृत आणि बेपत्ता मिळून तीनशेहून अधिक माणसे ह्या वादळाने नेली. त्याच दिवसांत केरळ व तामिळनाडूच्या अडुसष्ट नौका ९५२ मच्छीमारांसह आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड बंदरात आश्रयास आल्या. देवगडकरांनी त्यांचे स्वागत केले, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय. परंतु इतकी माणसे सुखरूप आहेत हे ती धक्क्यास लागेपर्यंत जगास ठाऊक नसावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. ज्याच्याजवळ दूरवर बोलणारे यंत्र नाही, त्याचे संकटच काय, त्याचे कुशलही कळत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ आले तेव्हा कोकणच्या किनाऱ्यानेही अशाच रात्री वाट पाहण्यात काढल्या होत्या.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने मच्छीमारांसाठी उपग्रहाद्वारे संकटसूचना देणारे यंत्र तयार केले, ते २०१० पासून वापरात आले आणि वीस हजारांहून अधिक नौकांपर्यंत पोहोचले. पण त्या यंत्रात एक उणीव होती. हाक जात असे. ती पोहोचली की नाही, हे हाक देणाऱ्यास कळत नसे. काळोख्या रात्री, पाणी भरत चाललेल्या नावेत, कळ दाबून बसलेल्या तांडेलाच्या मनाची अवस्था वाचकांनीच कल्पावी. ‘तुझी हाक ऐकली, मदत येत आहे’ हे चार शब्द माणसास आणखी चार तास तग धरावयास लावतात. २०२४ च्या आरंभी ह्या यंत्राची दुसरी आवृत्ती पुढे आली आणि तीत ही पोच देण्याची सोय झाली. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी, आमच्याच पालघर येथे, एक लाख मासेमारी नौकांवर दुहेरी संदेशवहनाचे ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या सुमारे ३६० कोटी रुपयांच्या योजनेचा शुभारंभ पंतप्रधानांच्या हस्ते झाला. तेरा सागरी राज्ये व केंद्रशासित प्रदेश ह्यांच्यासाठी ही योजना आहे. तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. आणि स्वागत करतो म्हणूनच काही रोखठोक गोष्टी बोलणे आमचे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट अशी की, २००८ च्या नोव्हेंबरात समुद्रमार्गे मुंबईवर हल्ला झाल्यापासून शासनाची दृष्टी मासेमारी नौकांकडे वळली ती मुख्यतः संशयाने. नोंदणी, रंगसंगती, ओळखपत्रे, मोठ्या नौकांवर स्थान कळविणारी यंत्रे, ह्या सर्वांची आवश्यकता आम्ही नाकारीत नाही. ज्या शहराने ती रात्र पाहिली, ते ती नाकारूच शकत नाही. परंतु नाव कोठे आहे हे पाहणे निराळे आणि नावेतील माणूस काय म्हणतो हे ऐकणे निराळे. नव्या ट्रान्सपॉन्डरकडे पहारेकऱ्याचा डोळा म्हणूनच पाहिले गेले, तर मच्छीमार ते यंत्र ओझ्यासारखे वागवील आणि संधी मिळताच बंद करील. आपली मासळीची जागा इतरांस कळू नये, ही त्याची जुनी आणि समजण्यासारखी चिंता आहेच. ह्या यंत्राने आपला जीव वाचतो, असा अनुभव त्यास आला तरच तो ते प्राणपणाने जपेल. विश्वास परिपत्रकाने उत्पन्न होत नाही. पहिल्या हाकेला मिळालेल्या प्रतिसादाने होतो.

दुसरी गोष्ट ही की, सारा भरवसा एकाच वाटेवर ठेवणे शहाणपणाचे नव्हे. उपग्रह हे मोठे साधन आहे, पण तेही यंत्रच आहे. २०१८ च्या मार्चअखेर अवकाशात सोडलेल्या जीसॅट-६ए ह्या संदेशवाहक उपग्रहाशी काही दिवसांतच संपर्क तुटला, ही घटना फार जुनी नाही. उलट, लघुलहरींना कोणाचा उपग्रह लागत नाही, मासिक आकार द्यावा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे एकाने घातलेली साद आसपासच्या सर्वांना एकदम ऐकू जाते. लघुलहरींचे दोषही आम्ही लपवीत नाही. खरखर फार, उंच एरियल हवी, वीज जास्त लागते, सूर्यावरील खळबळीने त्या कधी कधी निकामी होतात, आणि चालवावयास सराव लागतो. प्रत्येक लहान होडीवर त्या बसविणे शक्य नाही. परंतु ज्या नौका किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर जातात, त्यांच्यासाठी उपग्रहाखेरीज दुसरे एखादे स्वतंत्र साधन, मग ते दूर पल्ल्याची बिनतारी असो वा तरंगती संकटज्योत असो, आवश्यक ठरवून त्याचा खर्च सरकारने उचलण्यास काय हरकत आहे? मोठ्या जहाजाला जे दोन साधनांचे तत्त्व लागू आहे, ते लाकडी नावेला अधिकच लागू व्हावयास हवे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आहे किनाऱ्यावरील कानाची. आपल्या देशात सागरी शोध व सुटकेचे काम तटरक्षक दल पाहते. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथे त्याची समन्वय केंद्रे आहेत आणि १५५४ हा विनाशुल्क क्रमांक आहे. ह्या दलाच्या जवानांनी वादळात जीव धोक्यात घालून किती माणसे बाहेर काढली, हे मच्छीमारच सांगतात. परंतु एक लाख नौकांच्या हाती कळ दिल्यानंतर येणाऱ्या हाकांची संख्याही वाढणार, आणि त्यांत चुकून दाबल्या गेलेल्या कळांचा भरणा मोठा असणार. जगभर हाच अनुभव आहे. खोट्या हाकांनी ऐकणारा कंटाळतो आणि खरी हाक त्यांत हरवते. म्हणून बंदरोबंदरी तांडेल व खलाशी ह्यांना यंत्राचे शिक्षण हवे. चुकीची हाक गेल्यास ती निर्भयपणे रद्द करण्याची सोय हवी. बॅटरी व एरियल तपासून देणारा कारागीर सातपाटीतही हवा आणि हर्णैतही. हाक मराठीत, कोकणीत वा गुजरातीत आली, तरी ती समजून त्याच भाषेत उत्तर देणारा माणूस रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीही जागा हवा. आणि दरवर्षी किती हाका आल्या, किती खऱ्या निघाल्या, प्रत्येकीस उत्तर मिळण्यास किती वेळ लागला, ह्याचा हिशेब सरकारने लोकांपुढे मांडला पाहिजे. किती यंत्रे वाटली, ह्या आकड्यावरून ह्या योजनेचे मूल्य ठरणार नाही.

खर्चाचा प्रश्न कोणी उपस्थित करील. त्यास आमचे उत्तर असे की, वाढवण येथे ज्या महाकाय बंदराची पायाभरणी पालघरच्या त्याच समारंभात झाली, त्याच्या खर्चाशी तुलना करता ही सारी व्यवस्था म्हणजे दर्यात खसखस आहे. ज्या समुद्रातून राष्ट्राची संपत्ती जावी-यावी अशी आपली इच्छा आहे, त्याच समुद्रात आपलीच माणसे मुकी राहावीत, हे कोणत्याही अर्थशास्त्रात बसणारे नाही.

आणि अर्थशास्त्राच्या पलीकडे एक ऋणही आहे. १९४७ च्या त्या जुलैच्या सकाळी ‘रामदास’च्या बुडणाऱ्या उतारूंची हाक मुंबईने ऐकली नाही, ती कोळ्यांनी ऐकली. त्यांच्याजवळ तेव्हा यंत्र नव्हते, कायद्याची सक्तीही नव्हती. समुद्रात माणूस दिसला की त्यास हात द्यावयाचा, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्यांचीच मुले-नातवंडे आज खोल समुद्रात जातात आणि त्यांच्या पाठविलेल्या मासळीवर हे शहर जेवते. त्यांच्या हाकेला उत्तर देण्याची पाळी आता आमची आहे. ह्या प्रश्नाकडे कोळीवाड्यापुरता प्रश्न म्हणून मुंबईकरांनी पाहू नये. आपल्या लोकप्रतिनिधींस त्यांनी ह्याविषयी जाब विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.